गोव्यात सायकल चालवताना काय घालावं, कशावर खर्च करावा

सायकल घेऊन झाली की पुढचा प्रश्न कपड्यांचा. कोरड्या हवेच्या शहरांतले सल्ले गोव्यात अर्धेच लागू पडतात. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि एरवीही हवा इतकी दमट की घाम अंगावरच राहतो. म्हणून इथे कपडा एकाच कसोटीवर पारखावा: भिजल्यावर तो किती लवकर सुकतो.

सुती टी-शर्ट घाम पितो आणि धरून ठेवतो. मिरामारच्या कडेने सकाळी रमतगमत चक्कर मारायची असेल तर चालेल, त्यापुढे पॉलिस्टरच बरं. पण त्यासाठी लगेच सायकलिंगची जर्सी घ्यायला धावू नका. गोव्यात फुटबॉलची जर्सी घरोघरी असते आणि तिचं कापड हेच काम करतं. फरक शिवणीत आहे. सायकलिंगच्या जर्सीची पाठ लांब असते, त्यामुळे हँडलवर वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही. मागे खिसे असतात आणि चढावर पुढची झिप उघडता येते. तासाभराच्या फेरीला फुटबॉलची जर्सी पुरेशी आहे. पांढरा रंग मात्र नको. पावसाळ्यात लाल माती पाठीवर उडाली की डाग जात नाही.

खरा निर्णय पॅडवाल्या शॉर्टचा. रोज पाच-सात किलोमीटर जाणाऱ्याला तिची गरज नाही. पण पणजीहून जुनं गोवं, पुढे फोंडा असा पल्ला सुरू झाला की साधी शॉर्ट मांड्या सोलते. पॅड आत शिवलेला असतो आणि त्याखाली अंतर्वस्त्र घालायचं नसतं. नवख्यांना हे विचित्र वाटतं, पण अंतर्वस्त्राच्या शिवणी आणि त्यात साचलेला घाम यांमुळेच तर घासतं. बायकांनी बायकांच्याच मापाची शॉर्ट घ्यावी, कारण तिच्या पॅडचा आकार वेगळा असतो.

जाड पॅड की पातळ? दुकानात जाड पॅड दाबून बघितला की मोह होतो. पण जुलैत तो रात्रभर दोरीवर टांगला तरी सकाळी ओलाच असतो, आणि ओला, न धुतलेला पॅड घातला की पुरळ आलंच. माझं मत स्पष्ट आहे: एका महागड्या शॉर्टऐवजी मध्यम पॅडच्या दोन घ्या आणि आलटून पालटून धुवा. खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट लांब पल्ल्याला उत्तम, कारण पोटावर इलॅस्टिक रुततं ते टळतं. पण पट्ट्यांमुळे छाती-पाठीवर आणखी एक थर येतो आणि वाटेत लघवीला जायचं तर जर्सी काढावी लागते. सुरुवात कमरेच्या शॉर्टनेच करा. तिच्यात संकोच वाटत असेल तर वरून सैल पातळ हाफ पँट घालावी; रायबंदरहून फेरीबोटीत चढून चोडणच्या वाडीत चहाला थांबताना तेच बरं दिसतं.

पावसासाठी तीन पर्याय समोर येतात. स्कूटरवरचा जाड रेनकोट सायकलवर निरुपयोगी आहे, कारण पाच मिनिटांत तुम्ही आतून घामाने भिजता. पोंचो वाऱ्यात फुगतो आणि त्याचं टोक चाकात जाण्याचा धोका असतो, म्हणून मी तो कुणालाच सुचवणार नाही. उरतो पातळ विंडचीटर, आणि तोही सखल भागात घडी करून खिशातच असू द्या. इथला पाऊस फारसा गार नसतो, भिजत जाण्यात मजाच आहे. चोर्ला घाट चढून धुक्यात परत उतरायचं असेल तेव्हा मात्र ओल्या अंगावर वारा लागतो. विंडचीटर तिथे चढवायचा. आणि पाठ चिखलाने माखू नये म्हणून कपड्यापेक्षा मडगार्डच जास्त उपयोगी.

दिवसा फ्लोरोसंट पिवळा किंवा नारिंगी रंग लांबून दिसतो, पावसाच्या करड्या उजेडात तर फारच. पण तो रंग रात्री काम करत नाही. अंधारात गाडीच्या दिव्याचा उजेड परतवणारी पट्टी लागते, आणि ती पाठीपेक्षा घोट्याला बांधावी, कारण वर-खाली होणारा पाय ड्रायव्हरच्या चटकन लक्षात येतो. फोंड्याच्या बाजूला ट्रकांच्या रस्त्यावरून संध्याकाळी येत असाल तर पट्टी आणि मागचा लाल दिवा दोन्ही हवेत.

हेल्मेट घरात असतंच, मोटारसायकलचं. ते वापरावं का? ते वजनदार असतं, त्यात वारा खेळत नाही आणि चढावर डोकं उकळतं. मग ते हँडलला लटकतं. सायकलचं हेल्मेट हलकं आणि छिद्रांचं असतं. त्यात ईएन १०७८ हा शिक्का शोधा, सायकलच्या हेल्मेटसाठीचं ते युरोपीय मानक आहे. शिक्का असलेलं स्वस्त हेल्मेट आणि महाग हेल्मेट एकाच चाचणीतून गेलेलं असतं. जादा पैसे बहुतेक हलकेपणाचे आणि हवेशीरपणाचे. मिप्सवालं परवडत असेल तर घ्या, तिरक्या आघातात डोक्याला बसणारा पीळ कमी करण्यासाठी त्यात आत सरकणारा पातळ थर असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माप: पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, आणि पट्टा आवळल्यावर हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटं जावीत.

अर्ध्या बोटांचे हातमोजे घ्याच, पडताना माणूस आधी तळहात टेकतो. बूट कडक तळव्याचे. पावसाळ्यात मागे पट्टा असलेली सँडल चालते, चप्पल नाही. लाल धुळीसाठी आणि संध्याकाळच्या किड्यांसाठी साध्या काचेचा चष्मा पुरे.

पैसे थोडे असतील तर पहिले हेल्मेट आणि दिव्यावर घाला, मग शॉर्टवर. जर्सी सगळ्यात शेवटी. शॉर्ट स्वस्तातली चालेल, पण वापरलेलं हेल्मेट कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. आतला फोम एकदा दबला की पुन्हा धक्का सोसत नाही, आणि तो दबलाय हे बाहेरून दिसेलच असं नाही.