स्टोव्हचा खटका की खिशातला लायटर?

कॅम्पिंगचा गॅस स्टोव्ह घेताना बरेच जण एकाच प्रश्नापाशी अडतात: खटक्याचा, म्हणजे दाबताच ठिणगी पाडणाऱ्या बटणाचा, घ्यावा की साधा? माझं मत आधीच सांगून टाकतो. खटका असला तर सोय होते, पण त्याच्याकडे बघून स्टोव्ह निवडू नये. आणि लायटर दोन्ही बाबतींत सोबत हवाच.

खटका दाबला की आतली छोटी हातोडी स्प्रिंगच्या जोरावर पिएझो स्फटिकावर आदळते. त्या एका टोल्यात काही हजार व्होल्ट तयार होतात आणि इलेक्ट्रोडच्या, म्हणजे बर्नरजवळच्या धातूच्या तारेच्या, टोकापासून बर्नरवर ठिणगी उडते. बॅटरी नाही, काही संपत नाही. ओट्यावरच्या गॅस लायटरमध्येही हेच असतं. स्फटिक सहसा दगा देत नाही. बिघडतं ते भोवतालचं: तार सुटते, इलेक्ट्रोडभोवतीच्या चिनी मातीच्या नळीला तडा जातो, टोक वाकतं.

माझ्या पहिल्या स्टोव्हचं असंच झालं. सॅकमध्ये भांड्याखाली दबून इलेक्ट्रोड जेमतेम दोन मिलिमीटर वाकला होता. पहाटे खटका टक-टक वाजतोय, गॅस फुसफुसतोय, पण पेटायचं नाव नाही. शेवटी गॅस बंद केला, टॉर्च विझवला आणि पुन्हा दाबून पाहिलं. ठिणगी व्यवस्थित पडत होती, पण बर्नरवर नाही, शेजारी भांडं टेकवायच्या पायावर! नखाने टोक सरळ केलं आणि पुढच्या दाबाला भप्पकन पेटला.

म्हणून खटक्याचाच घ्यायचा असेल तर इलेक्ट्रोड कुठे बसवलाय ते आधी बघा. बर्नरच्या बाहेर उघडी तार असेल तर तिला धक्के लागणार, उतू गेलेलं तिच्यावरच सांडणार. एमएसआर कंपनीच्या पॉकेटरॉकेट डिलक्ससारख्या स्टोव्हमध्ये टोक बर्नरच्या आत, मधोमध असतं. तिथे ही कटकट बरीच कमी. त्याच घराण्यातला बिनखटक्याचा पॉकेटरॉकेट २ भरतो ७३ ग्रॅम आणि डिलक्स ८३, त्यातही डिलक्सला वर गॅसचा दाब सारखा ठेवणारा प्रेशर रेग्युलेटर आहे. म्हणजे वजनावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

दव पडलं की ठिणगी ओल्या नळीवरूनच पळ काढते. फडक्याने पुसलं, फुंकर मारली की बहुधा काम होतं. उंचावर विरळ हवेत ती कमी व्होल्टेजलाच उडते आणि अशक्त पडते, तिथे पुसून काही उपयोग नाही. थंडीत मात्र खटक्याला उगाच शिव्या बसतात. साधा ब्युटेन शून्याच्या जरा खाली, उणे ०.५ अंशालाच वायू व्हायचा थांबतो. गॅसच वर येत नसेल तर ठिणगी कोणाला पेटवणार?

लायटरलाही हीच थंडी बाधते, कारण त्यातही ब्युटेनच. फरक इतकाच, की लायटर खिशात ऊबेला ठेवता येतो. पण बर्नरवर वरून धरलात तर बोटांवरचे केस जळालेच म्हणून समजा. बाजूने धरा, आधी ज्योत, मग गॅस. काडेपेटी हलकी असते, पण भिजली की संपली. फेरो रॉड, म्हणजे घासल्यावर ठिणग्या पाडणारी धातूची कांडी, भिजला तरी पुसून चालतो, ठिणग्या ३००० अंशांच्या आसपास तापतात, गॅस एका फटक्यात पेटतो. एका हातात भांडं असेल तर मात्र पंचाईत.

खटका खरा कामाला येतो तो इथेच. भांडं वर चढवलेलं आहे, वाऱ्याने ज्योत विझली, तर काहीही न उचलता पुन्हा पेटवता येतं. बर्नरला भांडं घट्ट जोडलेल्या स्टोव्हमध्ये तर लायटर आत घालायला जागाच नसते. असा स्टोव्ह घेणाऱ्याने खटक्याचे पैसे जरूर मोजावेत. वाकडं टोक सरळ करायचीही ज्याला कटकट वाटते, त्याने साधाच घ्यावा. रॉकेल किंवा व्हाइट गॅसवर (नावात गॅस असला तरी हे पेट्रोलसारखं द्रव इंधन) चालणारा घेत असाल तर हा प्रश्नच नाही. तिथे बर्नर आधी ज्योतीने तापवावा लागतो, म्हणजे लायटर किंवा काडी आलीच.

लायटर घ्याल तो चाकाचा घ्या. त्याच्या चाकाखालचा खडा फेरो रॉडच्याच जातीचा असतो, त्यामुळे आतला गॅस संपला तरी ठिणगी पडते, आणि तेवढ्यावर स्टोव्ह पेटतो.