दर महिन्याच्या डोनेशनचा रिव्ह्यू: काम चांगलं, मागायची पद्धत वाईट

रेटिंग ५ पैकी २. दोन्ही स्टार संस्थेच्या प्रत्यक्ष कामासाठी, कारण आजारी मुलांच्या उपचारांना ते खरोखर मदत करतात, मी चौकशी केलीये. नाव मुद्दाम लिहीत नाही, हाच प्रकार मुंबईत बऱ्याच संस्था करतात.

अंधेरीला मेट्रोच्या जिन्यापाशी किंवा मॉलच्या दारात टॅब घेऊन डोनेशन मागत उभी असलेली तरुण मुलं तुम्ही बघितली असतील. ती संस्थेची नसतात, बहुतेकदा डोनेशन गोळा करून देणाऱ्या एजन्सीची असतात आणि त्यांना रोजचं टार्गेट असतं, हे मला त्यातल्याच एका मुलीने सांगितलं, बिचारी दिवसभर उन्हात उभी होती, तिच्यावर माझा अजिबात राग नाही. पण एकदाच पाचशे देते म्हटलं तर चालत नाही, ऑटोपेच लावा म्हणतात, म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातील. त्या एजन्सीचे पैसे कुठून जातात तर आपल्याच डोनेशनमधून, म्हणजे सुरुवातीचे कितीतरी हप्ते आपल्याला गाठायचा खर्च भरून काढण्यातच जातात, आणि हे तिथे कोणीही सांगत नाही. वर "फुल टॅक्स बेनिफिट" असं सांगतात, तेही खरं नाही. डोनेशनवरच्या टॅक्स सवलतीत, म्हणजे ज्याला ८०जी म्हणतात त्यात, अशा बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या ५०% च वजावट मिळते आणि न्यू टॅक्स रिजीम घेतली असेल तर तीही नाही. पावती मात्र वेळेवर आली, ते मान्य.

मग व्हॉट्सॲप सुरू. सलाईन लावलेल्या मुलीचा फोटो, खाली "आज रात्रीपर्यंत पैसे जमले नाहीत तर..." आणि पुढे नुसती टिंबं. तोच फोटो माझ्या वहिनीला आला, मुलीचं नाव वेगळं, आजार वेगळा. मी विचारलं तर म्हणे प्रायव्हसीसाठी नावं बदलतो. अहो नाव बदला ना, पण आजार कसा बदलतो? त्या मुलीच्या आईबाबांना तरी माहितीये का आपल्या लेकीचा चेहरा कुठे कुठे फिरतोय?

सगळ्यात वाईट म्हणजे डोनेशन बंद करतानाचा फोन. "ताई, तुमच्या मुलीला ताप आला तर तुम्ही पुढच्या महिन्यापर्यंत थांबाल का?" असं मला विचारलं, आणि ते स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं होतं हे बोलण्याच्या पद्धतीवरून कळत होतं. वेबसाइटवर नकाराच्या बटणावर लिहिलंय "नको, मला फरक पडत नाही". याला कन्फर्म शेमिंग म्हणतात, केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये डार्क पॅटर्न्सची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांची, जी १३ प्रकारांची यादी काढली त्यात हे आहे, आणि न विचारता बिलात डोनेशन घुसवणं हेही त्यात आहे. कोणाला बंद करायचं असेल तर फोनवर वाद घालू नका, यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या सेक्शनमध्ये जाऊन मँडेट, म्हणजे पैसे कापायची दिलेली परवानगी, कॅन्सल करा, संस्थेची परवानगी लागत नाही.

आता हिशेब. मुंबईत नोंदलेल्या ट्रस्टला ऑडिट झालेले हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात, वरळीला ऑफिस आहे. त्यात उत्पन्न-खर्चाचा तक्ता असतो, शेड्यूल ९, आणि "ट्रस्टच्या उद्दिष्टांवरील खर्च" वेगळा दाखवावा लागतो, शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण वगैरे. यांच्या चकचकीत रिपोर्टमधल्या गोल चार्टमध्ये जवळजवळ सगळा पैसा मुलांवर गेलेला दिसतो. पण मागची बारीक अक्षरं वाचली तर त्याच हिश्श्यात "जनजागृती आणि देणगीदार संपर्क" घातलेलं. म्हणजे मला आलेले ते फोन, ते फोटो, हे पण मुलांवरचा खर्च? पगार, भाडं, ऑडिटर याला पैसे लागतात, मुंबईत तर लागतातच, चांगल्या माणसांना चांगला पगार द्यावा असंच माझं मत आहे. फक्त तो पगार म्हणूनच दाखवा ना.

आणखी एक, कोणी हॉस्पिटलच्या बिलासाठी पैसे मागत असेल तर आधी त्या घरच्यांना विचारा धर्मादाय हॉस्पिटलच्या कोट्यातून अर्ज केलाय का. आपल्याकडे अशा हॉस्पिटल्सना १०% खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १०% दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कितीतरी जणांना हे कोणी सांगतच नाही आणि ते आपल्या मुलाचा फोटो घेऊन लोकांपुढे उभे राहतात, मला हे बघवत नाही.

मी आता तीच रक्कम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेला देते, टाटा हॉस्पिटलचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे कमी पैशांत राहतात, जाऊन बघता येतं. या संस्थेला मेल करून त्या "जनजागृती"च्या रकमेची फोड मागितलीये, किती एजन्सीला, किती कॉल सेंटरला, किती खरोखर जागृतीला. उत्तर आलं की इथेच टाकते आणि पटलं तर स्टार पण वाढवते.