सेगा सॅटर्न: मागे पडलेल्या यंत्राचे न शिळे होणारे खेळ

नोव्हेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आलेला सेगा सॅटर्न हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र, सोनीच्या प्लेस्टेशनपुढे टिकला नाही. त्यातील दोन मुख्य प्रोसेसरांकडून एकाच वेळी काम करून घेणे प्रोग्रामरांना जिकिरीचे जाई, हेही त्याचे एक कारण. त्याचे खेळ मात्र आजही बांधून ठेवतात. चार डिस्कवर आलेल्या ‘पँझर ड्रॅगून सागा’मध्ये आपला ड्रॅगन शत्रूभोवती घिरट्या घालतो, रडारवरचा लाल भाग धोक्याचा आणि हिरवा सुरक्षित असतो, आणि शत्रूची दुबळी जागा नेमकी लाल भागात निघाली की तिथे शिरावे की नाही, या विचारात बोट बटणावरच थबकते. ‘रेडियंट सिल्व्हरगन’ हा गोळीबाराचा खेळ तर सगळी शस्त्रे सुरुवातीलाच हाती देतो आणि एकाच रंगाचे शत्रू ओळीने टिपायला लावून संयमाची परीक्षा पाहतो. त्रिमितीय चित्रे काहीशी ओबडधोबड दिसतात, हे खरे. द्विमितीय खेळांचे देखणेपण मात्र, माझ्या मते, त्या पिढीत अव्वल होते. हे यंत्र घेताना एवढे पाहावे, की त्याच्या मागच्या झाकणाआडची बटण-बॅटरी संपली की आतल्या मेमरीत जपलेली सारी प्रगती पुसली जाते.