प्लॅनर आकृत्या मोजायच्या: मॅट्रिक्सने की ट्रीने?

प्लॅनर आकृती म्हणजे शिरोबिंदू आणि कडांची अशी आकृती, जी सपाट कागदावर कडा एकमेकींना न छेदता काढता येते. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला अशा आकृत्या मोजण्याचा विषय घ्यायचा म्हटलं की जळगाव-धुळ्याकडची मुलं विचारतात, "सर, ब्रेझाँ, इत्झिकसन, पारिसी, झ्यूबेर या भौतिकशास्त्रज्ञांच्या १९७८च्या मॅट्रिक्सवाल्या पेपरपासून सुरुवात करू, की गणिती टटच्या १९६३च्या मोजणीपासून?" मी दोन्हीकडून गेलो आहे, म्हणून माझं मत सांगतो.

मॅट्रिक्सची वाट देखणी आहे, यात वाद नाही. तिथे यादृच्छिक (रँडम) मॅट्रिक्सच्या सरासऱ्या काढायच्या, आणि त्या सरासरीतलं प्रत्येक पद म्हणजे एक आकृती. मॅट्रिक्सचा आकार एन खूप मोठा केला की प्लॅनर आकृत्याच वरचढ ठरतात, हे ट हूफ्टने १९७४ साली दाखवलं. मॅट्रिक्सच्या चौथ्या घाताच्या ट्रेसची (कर्णावरच्या पदांच्या बेरजेची) सरासरी काढून बघा. हा ट्रेस म्हणजे एक शिरोबिंदू, आणि त्यातले चार गुणक म्हणजे त्याचे चार पाय. या चार पायांच्या जोड्या तीन तऱ्हांनी लागतात, प्रत्येक जोडी म्हणजे एक कड. दोन तऱ्हा प्लॅनर, त्यांना एनचा घन मिळतो. तिसरी टोरसवरची, म्हणजे मेदूवड्यासारख्या भोक असलेल्या पृष्ठभागावरच बसणारी, तिला नुसता एन. पुढे मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंची (लाक्षणिक मूल्यांची) घनता सापडली की एक, दोन, तीन शिरोबिंदूंच्या जोडलेल्या प्लॅनर आकृत्यांची सगळी मालिका एकदम हातात येते. चिन्हं सोडली तर तिचे सहगुणक २, १८, २८८ असे जातात.

माझं अडलं ते या १८ वर. दोन शिरोबिंदू, प्रत्येकाला चार पाय: अशा जोडलेल्या प्लॅनर आकृत्या काढायला बसलात तर तीनच निघतात. मग १८ कुठून आले? इथे प्रत्येक आकृती तिच्या सममितीने, म्हणजे ती स्वतःवरच किती तऱ्हांनी बसते त्या आकड्याने, भागून मोजलेली असते. दोन आकृत्यांची सममिती २, तिसरीची ८. म्हणजे अर्धा, अर्धा आणि एक अष्टमांश, बेरीज ९/८. प्रत्येक शिरोबिंदूचे ४ याप्रमाणे १६ ने गुणलं की १८. तीन शिरोबिंदूंवर गेलं की एखादी सममिती नजरेतून सुटते आणि चूक आकृतीत आहे की भागाकारात, तेच कळत नाही. जळगाव ते अमळनेर गाडीत बसून मी हे हिशेब पुन्हा पुन्हा केले आहेत. मला तरी याचा फार त्रास झाला.

टटने एका कडेवर दिशेसह खूण केली, तिला रूट म्हणतात. तेवढ्याने सममिती उरतच नाही. त्याच तीन आकृत्यांवर रूट ठेवायच्या जागा ४, ४ आणि १, एकूण ९. अपूर्णांक नाहीत, पेन्सिलने ताळा होतो. टटची स्वतःची समीकरणं मात्र किचकट आहेत: बाहेरच्या फेसच्या (कडांनी वेढलेल्या भागाच्या) कडांसाठी एक जादा चल शेवटपर्यंत सांभाळावं लागतं. म्हणून मी कोरी-व्होकलँ (१९८१) आणि शेफर (१९९८) यांची ट्रीशी (एकही बंद फेरा नसलेल्या आकृतीशी) एकास-एक संगती सुचवेन. शिरोबिंदू क असतील तर (क + २) गुणिले रूट ठेवलेल्या आकृत्यांची संख्या बरोबर २ गुणिले ३ चा क-वा घात गुणिले क-वी कॅटलान संख्या. यातला प्रत्येक गुणक ओळखीचा आहे. कॅटलान म्हणजे क कडांच्या ट्री किती. ३ म्हणजे ट्रीच्या शिरोबिंदूंवर लिहिलेला आकडा प्रत्येक कडेवर एकने वाढतो, घटतो की तसाच राहतो. क जागी २ ठेवा: ४ गुणिले ९ बरोबर ३६, आणि उजवीकडेही ३६.

मार्गदर्शक भौतिकीचे असतील आणि पुढे टोरसवरच्या आकृत्या मोजायच्या असतील, तर मॅट्रिक्स घेणंच कदाचित सोयीचं. एनच्या वर्गाने भागलेलं पुढचं पद तिथे त्याच मांडणीतून मिळतं. पण आधी १८ चा तो हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करा.