राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड : निकालांची मोजदाद आणि तिच्याबाहेर राहिलेले

न्यायाधीशाला कोणते काम आधी हाती घ्यावेसे वाटेल, हे बरेचसे त्याच्या कामाचा हिशेब कसा ठेवला जातो यावर अवलंबून असते. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडचे संकेतस्थळ मी मुख्यतः याच दृष्टीने तपासले. न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट प्रकल्पातील ही सेवा २०१५ पासून सर्वांना खुली आहे. ती विनामूल्य असून राज्य आणि जिल्हा निवडला की तेथील प्रलंबित दिवाणी व फौजदारी प्रकरणांचे आकडे दिसतात. न्यायालयांतील नोंदी ज्या प्रणालीतून येथे येतात, ती एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या पुणे केंद्राने तयार केलेली आहे.

येथील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे प्रकरणांची वयानुसार वर्गवारी. जिल्हा पातळीवरील न्यायाधीशांचे वेतन निकालांच्या संख्येवर ठरत नाही. मात्र निकाली काढलेल्या कामाचे युनिट, म्हणजे ठरावीक गुण, मोजले जातात आणि वार्षिक मूल्यमापनात ते विचारात घेतले जातात. अशा व्यवस्थेत मालमत्तेच्या वाटपाचा किचकट दावा बाजूला ठेवून लवकर संपणारी प्रकरणे पुढे घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. न्यायाधीशही इतरांप्रमाणेच विश्रांती, प्रतिष्ठा आणि आपल्या मताचे वजन यांना किंमत देतात, असे रिचर्ड पोस्नर यांनी १९९३ मध्ये मांडले होते, आणि ते स्वतः अमेरिकेत अपील न्यायालयाचे न्यायाधीश होते, हे विसरू नये. दहा वर्षांहून जुन्या प्रकरणांचा आकडा कोणालाही पाहता येतो, तेव्हा त्या मोहाला थोडा तरी लगाम बसतो.

उणीव आहे ती पुढच्या टप्प्यावर. मूळ निकाल अपिलात टिकला की फिरला, हे त्याच्याशी जोडून दाखवणारा रकाना या आकडेवारीत नाही. त्यामुळे विचारपूर्वक लिहिलेला निकाल आणि घाईने उरकलेला निकाल येथे सारखेच मोजले जातात. ही त्रुटी केवळ मूल्यमापनाची नाही. अर्थतज्ज्ञ पॉल रुबिन आणि विधी अभ्यासक जॉर्ज प्रीस्ट यांनी १९७७ मध्ये स्वतंत्रपणे असे दाखवण्याचा प्रयत्न केला की, ज्या नियमाने समाजाचे नुकसान होते त्याच्यावरून अधिक वाद न्यायालयात येतात, तो पुन्हा पुन्हा तपासला जातो आणि कालांतराने बदलतो. पण त्यासाठी वाद निकालापर्यंत आणि पुढे वरच्या न्यायालयापर्यंत पोहोचावा लागतो. लोकअदालतीतील तडजोड पक्षकारांना सोयीची असते, न्यायालयीन शुल्कही परत मिळते. मात्र तिच्यावर अपील नसते आणि तिच्यातून पुढच्यांसाठी पूर्वनिर्णय, म्हणजे नंतरच्या खटल्यांत आधार घेता येईल असा निकाल, उरत नाही.

एकेका प्रकरणाची माहिती त्याला दिलेल्या सोळा अक्षरांकांच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने (सीएनआर) ई-कोर्टच्या संकेतस्थळावर मिळते आणि तेथे निकाल लढून लागला की न लढता, याचीही नोंद असते. पत्रकार आणि विधी अभ्यासकांनी ग्रिडवरचा निकालांचा आकडा वापरण्यापूर्वी नमुन्यादाखल तरी ही नोंद उघडून पाहावी. प्रलंबिततेचे चित्र पाहण्यासाठी ही सेवा मी निःशंकपणे सुचवीन. एखाद्या न्यायालयाच्या कामाचा दर्जा ठरवण्यासाठी मात्र, अपिलाचा रकाना येईपर्यंत, नाही.