केळीच्या बागेसाठी घेतलेली फोकसची बॅटरी, लांबचं एक नंबर पण पायाखालचं वेगळं बघा

रावेर तालुक्यात केळी आहे आमची आणि थ्री फेजची लाईट पाळीपाळीने येते, रात्रपाळी आली की मोटर बघायला बागेत जावंच लागतं. मोबाईलच्या टॉर्चवर भागेना म्हणून भुसावळहून ही चार्जिंगची मोठी बॅटरी आणली, चौदाशेच्या आसपास पडली. हिवाळाभर वापरली, मग लिहितोय.

झोत जबरदस्त आहे भो. बांधावरून मारला की नाल्यापलीकडच्या लिंबाची फांदी न फांदी दिसते. सगळं काम त्या चकचकीत वाटीचं, म्हणजे रिफ्लेक्टरचं. वाटीचा आकार पॅराबोलाचा असतो आणि एलईडीची तुरीच्या दाण्याएवढी चिप बरोबर तिच्या फोकसवर, म्हणजे नाभीच्या बिंदूवर बसवलेली असते, त्यामुळे वाटीवर आदळलेला उजेड इकडेतिकडे न फाकता जवळजवळ समांतर निघतो. चिप जितकी बारीक आणि वाटी जितकी मोठी तितका झोत निमुळता. जहाजावरच्या सर्चलाईटचं तत्त्व पण हेच, नाटकाच्या स्टेजवरच्या स्पॉटला पुढे भिंग पण असतं म्हणून उजेडाचा गोल एवढा रेखीव पडतो.

आता खोक्यावर रेंज २ किलोमीटर छापलीय, त्यावर जाऊ नका. रेंज मोजायची एक पद्धत ठरलेली आहे, उजेड पाव लक्सवर, म्हणजे साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो तिथपर्यंत रेंज धरतात. या हिशोबाने झोताची ताकद ४०,००० कँडेला असली तर ४०० मीटर मिळतात, आणि अंतर दुप्पट पाहिजे तर कँडेला चौपट लागतात, म्हणजे २ किलोमीटरला १० लाख! म्हणून दुकानात लुमेन सांगत बसले तर कँडेला विचारा. लुमेन म्हणजे एकूण उजेड, तो एका दिशेला किती गोळा झाला ते कँडेलावरून कळतं.

पण बागेच्या आत शिरलं की हाच झोत त्रास देतो. केळीची पानं अगदी तोंडासमोर, झोत पानावर आदळून उलटा डोळ्यात येतो आणि त्यामागचं काहीच दिसत नाही, पहाटे धुकं असलं तर अजूनच. तिथे बाजूला जी पसरट पट्टीची लाईट दिलीय ती लावायची. तिच्यात बऱ्याच चिपा शेजारी शेजारी असतात आणि वाटी नसते म्हणून उजेड सगळीकडे सारखा पसरतो. मला ही पट्टी फोकसपेक्षा जास्त कामाची वाटते, कारण साप. सातपुड्याकडून बिबट्या उतरला किंवा कोल्हा आला तर झोतात डोळे लांबूनच चमकतात, त्यांच्या डोळ्यात मागे उजेड परतवणारा थर असतो, सापाला तो नसतो. मण्यार तर रात्रीच फिरते. त्यामुळे ठिबकच्या नळ्यांमधून चालताना फोकस बंद, पट्टी चालू आणि पायात गमबूट, घरच्यांना पण मी हेच सांगून ठेवलंय.

तक्रारी दोन. चार्जिंगच्या भोकावरचं रबर ढिलं आहे, आणि पाणी सोसायचा दर्जा आयपीएक्स ४, म्हणजे फक्त उडालेलं पाणी सोसतं, पाटात पडली तर काही खरं नाही, ज्याला भर पावसाळ्यात वापरायची त्याने थोडा वेळ पाण्यात बुडली तरी चालणारी आयपीएक्स ७ चीच घ्यावी. दुसरं, फुल मोडवर थोडा वेळ चालली की गरम होते आणि उजेड आपोआप उतरतो, पण मिडीयमवर रात्र निघून जाते म्हणून मला चालतं. आणि मे महिन्यात मोटरीच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, आपल्याकडे ४५ डिग्री बाहेरच असतं, आतला लिथियम सेल लवकर बसतो.

घेताना एक करा, दुकानदाराला लाईट बंद करायला लावून झोत लांबच्या भिंतीवर मारून बघा. गोलाच्या मधोमध काळपट डाग दिसला तर चिप फोकसवर बसलेली नाही, लगेच दुसरा पीस मागा.