नमुना आकार पुरेसा आहे

एकवीस हजार सातशे पन्नास रुपये. शोधनिबंध छापण्याच्या नावाखाली एका नकली नियतकालिकाने आमच्याकडून उकळलेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तोच विचारतो आणि मग "एवढंच ना!" म्हणतो. एवढंच नाही. त्यातले साडेदहा हजार माझे नव्हतेच. माझ्या शब्दावर विसंबून दोन सहकाऱ्यांनी दिलेले होते. आणि पैशांबरोबर माझं नऊ वर्षांचं काम गेलं.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते. पीएचडी ख्रिस्तपुराणावर. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचं ओवीबद्ध पुराण छापून निघालं. स्वर्गाला वैकुंठ म्हणताना ख्रिस्ती धर्मशास्त्रातलं नेमकं काय टिकतं आणि काय बदलतं, हा माझ्या निबंधाचा प्रश्न होता. माझे आजोबा चर्चमध्ये भजनं म्हणायचे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ गुणांपुरता नव्हता. हे मुद्दाम लिहितेय, कारण "पैसे देऊन छापणाऱ्यांची लायकी तीच" असं मला तोंडावर ऐकवलं गेलंय.

अर्थशास्त्राच्या सरांचा निबंध कांदा निर्यात धोरणावर होता. सप्टेंबर २०१९ ची बंदी, सप्टेंबर २०२० ची बंदी आणि त्या-त्या आठवड्यांत लासलगावच्या लिलावात भावाचं काय झालं, याचे तक्ते त्यांनी स्वतः बाजार समितीत बसून उतरवले होते. रसायनशास्त्राच्या मॅडमनी वसतिगृहाच्या सांडपाण्यावर काम केलं होतं. नाल्याच्या तोंडाशी खडी-वाळूचा वाफा, त्यात कर्दळ, आणि दर पंधरा दिवसांनी आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप. २७ अंशांवर तीन दिवस बाटल्या ठेवायच्या, मध्येच वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एका पावसाळ्यात हे चार वेळा झालं. तिघांचंही काम खरं होतं.

जुलै २०२३. व्हॉट्सअॅपवर नेहमीचा संदेश आला: बहुविद्याशाखीय, आंतरराष्ट्रीय, यूजीसी केअर ग्रुप १, मर्यादित जागा. असे रोज चार येतात आणि मी चारही पुसते. हा पुसला नाही, कारण नियतकालिकाचं नाव ओळखीचं होतं, जुनं आणि प्रतिष्ठेचं. केअर म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य नियतकालिकांची तेव्हाची यादी. मी ती उघडून पाहिली. नाव होतं. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक होता, आठही अंक जुळले. म्हणजे मी डोळे मिटून उडी मारलेली नाही. जे तपासायला सांगतात ते सगळं मी तपासलं होतं.

मूळ नियतकालिक फक्त छापील निघतं, त्याला संकेतस्थळच नाही, हे तपासायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. नाव त्यांचं, क्रमांक त्यांचा आणि संकेतस्थळ या चोरांचं. अशा नकली नियतकालिकांची वेगळी यादी केअरच्याच संकेतस्थळावर होती. मी ती उघडली नाही. आमच्या उजळणी वर्गात तीन आठवडे 'संशोधन पद्धती' शिकवली, पण ही दुसरी यादी एकदाही दाखवली नाही. तुम्ही मात्र कुठलंही नाव तपासताना ते नियतकालिक छापील निघतं की ऑनलाइन, हे आधी बघा.

आता त्या संध्याकाळबद्दल. शनिवार, १५ जुलै. दुपारी चारला निबंध पाठवला आणि रात्री नऊ चाळीसला तज्ज्ञ परीक्षकांचा अहवाल आला. कुकर उतरवत होते. ओल्या हातानेच मोबाइल उघडला. इंग्रजीत, रकाने पाडलेला कागद होता: विषय समर्पक, भाषा योग्य, नमुना आकार पुरेसा आहे, सांख्यिकी साधने उचित आहेत, स्वीकृत.

माझ्या निबंधात नमुना नव्हता. सांख्यिकी नव्हती. चारशे वर्षांपूर्वीच्या ओव्या होत्या. कुठला नमुना पुरेसा आहे? मी ती ओळ दोनदा वाचली हे मला स्पष्ट आठवतं. अंगठा तिथेच थांबला होता. आणि मी स्वतःला सांगितलं, सगळ्या विषयांना एकच फॉर्म असेल.

तिथेच थांबायला हवं होतं. साडेपाच तासांत कुणी माझा सव्वीस पानांचा निबंध वाचून मत देत नाही. पीएचडीला माझ्या एका प्रकरणावर मार्गदर्शकांनी पाच महिने घेतले होते. मला हे कळत होतं. पण बढतीच्या प्रस्तावाची तारीख डोक्यावर होती, भाषा विषयात एका निबंधाला दहा गुण असतात, आणि दीड वर्ष रखडलेली बढती समोर दिसत होती. पोटापाण्याचा प्रश्न असला की माणूस स्वतःच्या शंकेला गप्प बसवतो.

सोमवारी स्टाफरूममध्ये तिघांनी आपापले अहवाल छापून शेजारी-शेजारी ठेवले. शब्दन् शब्द सारखे. कांद्याचा नमुना पुरेसा, सांडपाण्याचा पुरेसा, ख्रिस्तपुराणाचाही पुरेसा. मॅडम म्हणाल्या, "ताई, तिघांचं एकसारखं कसं हो?" मी म्हणाले, "फॉर्म असेल त्यांचा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गूगल पे उघडलं. माझी शंका मी दाबली ती दाबलीच, त्यांचीही दाबली.

प्रत्येकी ३,५०० प्रकाशन शुल्क. मग 'डीओआय'चे, म्हणजे निबंधाच्या कायमच्या ऑनलाइन पत्त्याचे, प्रत्येकी १,०००. मग छापील अंक आणि प्रमाणपत्राचे ७५०. तिघांचे मिळून १५,७५०. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव उमटलं ते कुठल्याशा झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं. संपादकांना विचारलं तर म्हणाले, "संस्थेच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, मॅडम." पैसे पाठवण्याआधी पडद्यावर जे नाव येतं ते वाचा. संस्थेचं नसेल तर तिथेच थांबा. आणि डीओआय दिला की तो स्वतः उघडून बघा. आमचे तिन्ही कुठेच उघडत नव्हते, हे मला सोळा महिन्यांनी कळलं. आयएसएसएन तर फुकट मिळतो. तो नोंदणीचा क्रमांक आहे, दर्जाची खूण नव्हे.

अंक ऑगस्टमध्ये आला. एका अंकात ११२ निबंध. अनुक्रमणिकेत कांदा निर्यात धोरण, त्याखाली सांडपाणी प्रक्रिया, त्याखाली ख्रिस्ती धर्मशास्त्र, त्याखाली क्रीडा मानसशास्त्र. मॅडमचा बीओडीचा तक्ता उजवीकडून कापलेला, म्हणजे प्रक्रियेनंतरचे आकडेच गायब. माझ्या ओव्यांचा फॉन्ट फुटलेला. जिथे 'वैकुंठ' होतं तिथे चौकोन आणि उद्गारचिन्हं. नऊ वर्षांच्या कामातला जो एक शब्द मला लोकांपुढे ठेवायचा होता, तोच छापला गेला नाही. त्याच महिन्यात केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. सरांचे तक्ते त्या आठवड्यात कुणी गंभीरपणे वाचले असते, कुठे उद्धृतही झाले असते. ते या उकिरड्यात पडून होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये छाननी समितीसमोर फाइल गेली. समितीतल्या एका सरांनी पान उलटलं, मुखपृष्ठ पाहिलं आणि म्हणाले, "हे क्लोन आहे." दोन मिनिटं लागली. शून्य गुण.

मग मी आणखी ६,००० घालवले, तेही सांगते. निबंध दुसरीकडे पाठवायचा तर आधी तो मागे घेतल्याचं पत्र हवं, कारण हक्क त्यांना लिहून दिलेले. त्यांनी 'माघार शुल्क' १२,००० मागितलं, ६,००० वर सौदा झाला. चोर आहेत हे माहीत असताना मी पैसे दिले, कारण माझं काम त्यांच्या तावडीतून सोडवण्याचा दुसरा रस्ता मला दिसत नव्हता. पत्र आलं नाही. आठ दिवसांत संकेतस्थळ बंद झालं.

पोलीस ठाण्यात गेले तर पहिला प्रश्न, "मॅडम, निबंध छापून आला ना? मग फसवणूक कसली?" दुसऱ्यांदा गेले तेव्हा अर्जात ४२० कलम लिहिलं होतं, तर "ते कलम आता नाही, नवीन कायद्यात बसवून आणा" म्हणून परत पाठवलं. नवा कायदा १ जुलै २०२४ पासूनचा, माझे पहिले पैसे गेले २०२३ मध्ये. त्यांना जुनाच कायदा लागतो हे एका मराठीच्या बाईने वकिलाला ५०० रुपये देऊन शिकून यायचं, आणि तिसऱ्यांदा गेल्यावर ऐकायचं की साहेब बंदोबस्ताला गेलेत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तिथली मुलगी निदान नीट बोलली: पैसे गेल्या-गेल्या पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर खातं गोठवता आलं असतं. हे लक्षात ठेवा. लाजेपायी मी पहिले आठ दिवस कुणाला बोललेच नव्हते, माझ्या नवऱ्यालाही नाही.

विद्यापीठ म्हणालं, यादी आमची नाही, आयोगाची. आयोगाकडे केलेली ऑनलाइन तक्रार एकोणीस दिवसांनी 'निकाली' दाखवली गेली, उत्तर एका ओळीचं: संबंधित विद्यापीठाशी संपर्क साधावा. प्राचार्य म्हणाले, नॅकची, म्हणजे महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारी समिती येतेय, आत्ता कशाला वाच्यता? आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादीच बंद केली. पुढे मी फोन केला तर उत्तर तयार: "मॅडम, यादीच नाही, तर यादीतल्या नियतकालिकाची तक्रार कशी घेणार?"

याच आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढली होती. म्हणजे बाजार किती मोठा आहे हे त्यांना तेव्हाच माहीत होतं. निबंधाला गुण लावणारे हेच, यादी करणारे हेच, यादी मोडणारे हेच, आणि त्या गुणांपायी लुटला गेलेला शिक्षक दारात आला की हे कुणीच नाहीत. तासिका तत्त्वावरची मुलं महिन्याचं मानधन सहा-सहा महिन्यांनी मिळत असताना उसने घेऊन हे शुल्क भरतात. त्यांची तक्रार कोण ऐकणार, जिथे माझ्यासारख्या कायम नोकरीतल्या बाईला उभं करत नाहीत?

फोन उचलला तो एकाच माणसाने, मूळ नियतकालिकाच्या वृद्ध संपादकांनी. आवाज थकलेला होता. "चाळीसेक शिक्षकांचे फोन आलेत, बाई. माझ्या सल्लागार मंडळातले जे वारले, त्यांची नावंही त्यांनी तशीच ठेवलीत." मी संपादक मंडळाची ती यादी पाहिली होती. एकालाही फोन केला नव्हता. तुम्ही करा, आणि त्यांच्या महाविद्यालयाच्या दूरध्वनीवर करा, संकेतस्थळावर दिलेल्या मोबाइलवर नाही.

दोघांचे प्रत्येकी ५,२५० मी परत दिले. मॅडमनी घेतले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर डबा ठेवला, बोलल्या काही नाहीत. सरांनी घेतले नाहीत. त्यांनी तक्ते २०२४ पर्यंत वाढवून निबंध पुन्हा लिहायला घेतलाय. मॅडमचा वाफा मात्र नव्या इमारतीच्या पायात गेला, त्यांच्याकडे आता फक्त वहीतले आकडे आहेत.

गेल्या मंगळवारी विभागाच्या गटावर तसाच संदेश आला. नवं नाव, नवा नंबर, शुल्क ३,८००. एका सहकाऱ्याने अहवालाचा फोटो टाकला: नमुना आकार पुरेसा आहे. क्यूआर कोडवर दुकान तेच.

त्या दुकानाच्या नावावर ज्यांनी ज्यांनी पैसे भरलेत, त्यांनी पावतीचा स्क्रीनशॉट आणि तारीख जपून ठेवा आणि मला कळवा. आतापर्यंत आम्ही चौदा जण झालोत, रक्कम ८३ हजारांच्या वर गेलीय. एकत्र अर्ज घेऊन या वेळी ठाण्यात नाही, थेट अधीक्षक कार्यालयात जाणार आहोत.